आयुष्यभराचे तेल

आमच्या जुहूत जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची खरेदी-विक्री बरीच चालते. घेणारा रंग पाहतो, टायर पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो. गिअरबॉक्समधल्या तेलाची चौकशी क्वचितच करतो. केलीच, तर विकणारा म्हणतो, ‘ते कंपनीने आयुष्यभराचे भरले आहे.’ माझा प्रश्न असा, की आयुष्य कोणाचे? पहिल्या मालकाचे की दुसऱ्याचे?

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे तेल नुसते वंगण नव्हे. इंजिनाचा जोर त्यातूनच पुढे जातो, क्लच त्याच्याच दाबाने पकडतात. जुहू तारा रोडवर संध्याकाळी गाडी थांबत थांबत चालते, तेव्हा तेल तापते. तापून तापून त्याचा कस जातो. नवे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. काळे पडले, करपट वास आला, की ओळखावे.

माझे वडील गॅरेजात काम करतात. (कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच.) ते आधी गाडीची पुस्तिका वाचायला लावतात. पुष्कळ गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून डिपस्टिक पाहतात, काहींत बंद करून; नव्या कित्येक गाड्यांत डिपस्टिकच नसते. खालचा नट खोलला तरी सगळे तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरेच उरते. सीव्हीटीचे तेल निराळे. 2014 साली सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीत तर मूळचा साधाच गिअरबॉक्स. त्याला हे तेल चालत नाही.

कर्ज काढून पहिली गाडी घेणाऱ्या घराला गिअरबॉक्सचे बिल झेपत नाही. म्हणून तेल बदलल्याची पावती मागावी, आणि नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.