पडताळणी कोणी करायची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी कंत्राटी सफाई कामगार. लोक रेल्वे रुळांवर उतरले. महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि सगळी चर्चा चकमकीकडे वळली. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

पोक्सोचे नवे नियम मार्च २०२० पासून लागू आहेत. सरकारने बालसंरक्षण धोरण आखायचे, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते स्वीकारायचे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची, असे त्यांत स्पष्ट आहे. प्रशिक्षण कायम नोकरांबरोबर कंत्राटी माणसांनाही द्यायचे आहे.

हा 'कंत्राटी' शब्द महत्त्वाचा. आश्रमशाळा असो की शासकीय वसतिगृह, सफाईवाला आणि पहारेकरी बहुधा ठेकेदाराचा असतो. पडताळणीचे विचारा, खाते ठेकेदाराकडे बोट दाखवते. ठेका देता येतो, ही जबाबदारी कशी देता येईल? बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी पडताळणीचा कागद मागावा. निदान एवढे तरी व्हावे.

दुसरी अडचण बदनामीच्या भीतीची. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवायचे, ही सवय सरकारी वसतिगृहांत आहे तशी आपल्या निवासी मदरशांतही असू शकते. कायदा दोघांना सारखाच आहे. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तडजोडीला बसणाऱ्या विश्वस्तांना आणि गृहपालांना हे कुणी सांगितले आहे का? पुढच्या पालकसभेत धोरणाची प्रत मागून पाहा.