नवीन इंटरनेट आले आणि अब्बांची ईमेल अडली



या महिन्याचा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचा आहे. घरातली टेलिफोनच्या तारेवरची जुनी ब्रॉडबँड बंद करून त्यांनी फायबर घेतले. त्या दिवसापासून सासऱ्यांच्या संगणकावर ईमेल येतात, पण पाठवलेली एकही जात नाही. सगळ्या आउटबॉक्समध्ये पडून राहतात. नवीन कंपनीचा माणूस म्हणतो, "आमचे नेट चालू आहे, ईमेल आमची नाही." जुन्या कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळते, "कनेक्शन बंद केलेत ना, मग आता काय?" भगिनी लिहितात, "पेन्शनचा सगळा पत्रव्यवहार आणि कुवेतला असलेल्या दिरांची पंधरा वर्षांची पत्रे त्यात आहेत. अब्बांच्या घशाखाली घास उतरत नाही."

हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लाइन वेगळी, पेटी वेगळी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या काळात कनेक्शन घेतले की त्याच कंपनीचा ईमेल पत्ताही मिळायचा. पुढे भारत संचार निगमच्या ग्राहकांनाही संचारनेट, डेटावन अशा नावांचे पत्ते मिळाले. त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात इंटरनेट आणि ईमेल ही एकच वस्तू आहे. प्रत्यक्षात लाइन हा रस्ता आहे आणि ईमेल ही त्या रस्त्याच्या टोकाला ठेवलेली टपालपेटी. रस्ता बदलला तरी पेटी जागेवरच असते. ती उघडी ठेवायची की बंद करायची, हे मात्र जुन्या कंपनीच्या हातात असते.

म्हणून सगळ्यात आधी ही तपासणी करा. मोबाइलचे वाय-फाय बंद करून सिमच्या डेटावर ब्राउझर उघडा. जुन्या कंपनीच्या वेबमेलच्या पानावर जाऊन अब्बांचे नाव आणि पासवर्ड टाका. पेटी उघडली तर खाते जिवंत आहे आणि दोष फक्त संगणकातल्या सेटिंगचा आहे. उघडली नाही तर पासवर्ड चुकला आहे किंवा खाते बंद झाले आहे. मग जुन्या कंपनीला लेखी अर्ज करून, जुना ग्राहक क्रमांक देऊन, थोडे दिवस पेटी चालू ठेवण्याची विनंती करावी.

येते, पण जात का नाही?

ईमेल आणणारा सर्व्हर वेगळा आणि पाठवणारा वेगळा असतो. आणणारा सर्व्हर पासवर्ड विचारतो, तो बरोबर असला की कुठूनही पत्रे देतो. पाठवणाऱ्याची जुनी पद्धत निराळी होती. आपल्याच कंपनीच्या लाइनवरून आलेल्या माणसाला तो काही न विचारता आत घ्यायचा. शाळेचा शिपाई शिक्षकांच्या खोलीतून आलेली नोटीस लगेच वर्गावर्गांत फिरवतो, पण फाटकाबाहेरून कोणी कागद दिला तर आधी ओळख विचारतो, तसेच हे. लाइन बदलल्यावर अब्बा त्या सर्व्हरच्या दृष्टीने फाटकाबाहेरचे झाले.

उपाय दोन. आउटलुकमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये "माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन" अशी ओळ असते. तिच्यापुढे खूण करा, म्हणजे पाठवतानाही पासवर्ड दिला जाईल. दुसरे, पाठवण्याचा पोर्ट पाहा. तिथे 25 हा जुना आकडा असेल तर तो बदला. नको असलेल्या जाहिराती आणि फसव्या ईमेल या वाटेने जातात म्हणून अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी 25 बंद ठेवतात. त्याजागी 587 किंवा 465 टाका आणि एन्क्रिप्शन चालू ठेवा. दोन्हींपैकी कोणता चालतो ते जुन्या कंपनीच्या मदत-पानावर दिलेले असते. बहुतेक घरांत एवढ्याने अडलेल्या ईमेल सुटतात.

जुनी पत्रे आधी वाचवा

इथे एक काळजी घ्या. घाईने खाते काढून पुन्हा बसवू नका आणि संगणक फॉरमॅट करायला देऊ नका. जुनी खाती बहुधा पॉप पद्धतीची असतात. पॉपमध्ये पत्र संगणकावर उतरते आणि सेटिंग तशी असेल तर सर्व्हरवरून पुसले जाते. म्हणजे दिरांची ती पंधरा वर्षांची पत्रे जगात फक्त त्या एका संगणकावर असू शकतात. आउटलुकमध्ये ती पीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये असतात. आउटलुक बंद करून ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मगच सेटिंगला हात लावा.

त्यानंतर नवीन पत्ता काढा, पण तो नव्या इंटरनेट कंपनीचा नको. उद्या तीही बदलाल. कनेक्शनशी संबंध नसलेल्या सेवेवर खाते उघडा आणि ते त्याच आउटलुकमध्ये आयमॅप पद्धतीने जोडा. आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवर राहतात. आता जुन्या खात्यातली पत्रे माउसने ओढून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये टाकता येतात. एकदम सगळी ओढू नका, एकेका वर्षाची ओढा. वेळ लागेल, पण पत्रे सुखरूप पोहोचतील.

पत्ता कुठे कुठे दिला आहे?

2011 पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ईमेलला अशी सोय नाही. ॲटच्या खुणेनंतरचे नाव कंपनीचे, आपण तिथले भाडेकरू. आज सेटिंग दुरुस्त झाली तरी जुनी कंपनी ती पेटी कधीतरी बंद करू शकते. म्हणून दुरुस्ती झाली की निर्धास्त बसू नका. जुनी पेटी चालू आहे तोवर सगळीकडे पत्ता बदलून घ्या, कारण बदलाची खात्री करणारी लिंक किंवा ओटीपी बऱ्याचदा जुन्या पत्त्यावरच येतो.

सुरुवात बँकेपासून करा. मग पेन्शन, आयकर, पासपोर्ट, विमा, म्युच्युअल फंड, आणि शेवटी खरेदीची संकेतस्थळे. काय विसरले ते शोधायला जुन्या पेटीत "पासवर्ड", "स्टेटमेंट", "व्हेरिफाय" हे शब्द इंग्रजीत टाकून शोध घ्या. यादी आपोआप तयार होईल. सोडून दिलेला पत्ता दुसऱ्याच्या हातीही पडू शकतो. 2013 साली याहूने वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले, तेव्हा काहींना आधीच्या मालकांची खासगी पत्रे मिळू लागली होती.

नव्या पत्त्याचीही निगा राखावी लागते. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते गुगल पुसून टाकू शकते, म्हणून अधूनमधून उघडत राहा. पासवर्ड विसरल्यास लागणारा मोबाइल नंबर चालू आहे ना, ते बघा. आखातात गेलेल्या मुलांनी इकडचे सिम बंद पडू दिले असेल, तर त्यांचीही अडचण इथेच होते. पासवर्ड वहीत लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा सांगून ठेवा.

शेवटचे आणि महत्त्वाचे. मदतीचा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका. तिथे ठगांचे नंबर सापडतात. नंबर जुन्या बिलावरूनच घ्या. "मी दुरुस्त करून देतो, एनीडेस्क टाका" किंवा "ओटीपी सांगा" असे कोणी म्हटले की फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. ही दुरुस्ती अब्बांच्या शेजारी बसून, त्यांना प्रत्येक पायरी दाखवत करा. पत्रे त्यांची आहेत, कुठे ठेवली ते त्यांना ठाऊक असायला हवे.

तुमचे प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.