पनवेलचा घरपट्टी वाद: सेवा सिडकोची, मग कर महापालिकेला का?

खारघर, कामोठे, कळंबोली किंवा नवीन पनवेलमधल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. महापालिकेचं घरपट्टीचं बिल भरायचं की थांबायचं?

काही जण म्हणतात, हा करच बेकायदेशीर आहे, एक रुपयाही भरू नका. काही जण म्हणतात, भरून टाका, नाहीतर शास्ती वाढेल. या दोन सल्ल्यांमध्ये हजारो कुटुंबं अडकली आहेत. नेमका वाद काय आहे आणि कायदा काय सांगतो, ते समजून घेऊया.

वाद सुरू कसा झाला?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे खूप जुनी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचं महापालिकेत रूपांतर झालं. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका. जुन्या शहरासोबत आसपासची गावं आणि सिडकोने वसवलेल्या वसाहतीही तिच्या हद्दीत आल्या.

सिडको ही सरकारी कंपनी आहे, ती काही लोकांनी निवडलेली संस्था नाही. त्यामुळे तिच्या वसाहतींमध्ये घरपट्टी नव्हती. रस्ते, गटारं, कचरा, दिवाबत्ती या कामांसाठी सिडको 'सेवा शुल्क' घ्यायची. महापालिका आल्यावरही या सेवा एका दिवसात हस्तांतरित झाल्या नाहीत. ते काम टप्प्याटप्प्याने झालं.

मग २०२१ मध्ये वसाहतींमधल्या घरांना मालमत्ता कराची बिलं आली. त्यात चालू वर्षाचा कर होताच, शिवाय १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा मागचा करही होता. इथूनच ठिणगी पडली. मोर्चे निघाले, हरकती दाखल झाल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

रहिवाशांचं म्हणणं काय?

मुख्य मुद्दा दुहेरी आकारणीचा आहे. ज्या वर्षांचा कर महापालिका मागते आहे, त्याच वर्षांचं सेवा शुल्क सिडकोला भरलेलं आहे. सेवा एकाने दिली आणि पैसे मात्र दोघांना द्यायचे, हे कुठल्या न्यायात बसतं?

दुसरा मुद्दा तुलनेचा. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली. तसंच लहान घर पनवेलमध्ये घेणाऱ्याला मात्र काही वर्षांचं बिल एकदम हातात मिळालं.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. महापालिकेकडे तो अधिकार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालमत्ता कर लावणं हे महापालिकेचं कर्तव्यच आहे.

'सेवा नाही तर कर नाही' हे मनाला पटतं, पण कायद्यात टिकणं अवघड आहे. कर आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केलं. शुल्क ठरावीक सेवेच्या बदल्यात घेतलं जातं. कर सार्वजनिक कामांसाठी सक्तीने घेतला जातो आणि त्याची थेट परतफेड मागता येत नाही. आयकर भरणारा माणूस 'माझ्या पैशातून माझ्या दारात काय आलं?' असं विचारून कर थांबवू शकत नाही, तसंच हे.

अमेरिकेतही संघीय आयकर मुळातच बेकायदेशीर आहे, असं म्हणणारे गट आहेत. तिथे १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने या कराला स्पष्ट आधार दिला आणि न्यायालयांनी हे दावे वारंवार फेटाळले. तरीही वाद संपलेला नाही. कारण कर कायदेशीर असणं वेगळं आणि तो लोकांना न्याय्य वाटणं वेगळं.

मग रहिवाशांच्या तक्रारीत दम नाही का?

आहे. पण तो 'कर बेकायदेशीर आहे' या घोषणेत नाही, तो वेळेच्या प्रश्नात आहे.

महापालिकेच्या बाजूने पाहिलं तर कायदा पहिल्या दिवसापासून लागू होता. सर्वेक्षण आणि करनिश्चितीला वेळ लागला, म्हणून बिल उशिरा आलं. शिवाय १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जकात आणि एलबीटीसारखे मार्ग बंद झाले. मालमत्ता कर हाच महापालिकांच्या हातातला मोठा आधार उरला.

रहिवाशांच्या बाजूने पाहिलं तर उशीर प्रशासनाचा आहे आणि त्याचा भार मात्र नागरिकावर पडतो. बिल दरवर्षी आलं असतं तर घरखर्चात बसवता आलं असतं.

प्रतिनिधित्वाचाही प्रश्न आहे. पहिली निवडणूक २४ मे २०१७ ला झाली, म्हणजे कराच्या सुरुवातीच्या महिन्यांत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. २०२१ मध्ये बिलं निघाली तेव्हा नगरसेवक होते. २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. वसुलीचा जोर वाढत असताना 'हे कोणाला विचारायचं?' याचं उत्तर रहिवाशांकडे नव्हतं.

बिल थांबवलं तर काय होतं?

मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. उदाहरणार्थ, थकबाकी ५० हजार रुपये असेल तर महिन्याला एक हजार आणि वर्षाला १२ हजार रुपये वाढतात. पुढे जप्ती आणि लिलावापर्यंतचे अधिकार महापालिकेला आहेत. २०२५ मध्ये पनवेल महापालिकेने शास्तीत मोठी सवलत देणारी अभय योजना आणली. पण सवलत शास्तीवर होती, मूळ कर कायम राहिला.

न्यायालयात याचिका दाखल होणं म्हणजे स्थगिती मिळणं नव्हे. स्थगितीचा आदेश नसेल तर शास्ती चालूच राहते. करआकारणीविरुद्ध कलम ४०६ खाली अपील करता येतं, पण त्यासाठी वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. थोडक्यात, आधी भरा, मग भांडा.

म्हणूनच 'भरू नका' असा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं: मेसेज पाठवणाऱ्याच्या घरावर शास्ती लागत नाही, ती ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्यावर लागते. उशिराची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र खरा आहे. तो आता नव्या सभागृहातल्या नगरसेवकांना थेट विचारता येईल.