वेंधळेपणा आणि विकार

“त्याला एकदा धारवाडला नेऊन आणा” हे वाक्य उत्तर कर्नाटकात आणि सीमाभागात थट्टेने म्हटले जाते आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ठाणे, येरवडा, रत्नागिरी यांच्या वाट्याला जी कुप्रसिद्धी आली, तीच विद्यानगरी धारवाडच्याही वाट्याला आली. १८४५ साली तेथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. २००९ मध्ये ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था त्यातून उभी राहिली. पाटी बदलली, थट्टा मात्र बदलली नाही. तिची किंमत कोण मोजतो, इकडे आज आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

हुबळीच्या एखाद्या पेढीवरील वा कचेरीतील चाळिशीचा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. बुद्धीने तल्लख, बोलण्यात हुशार. पण विजेचे बिल भरावयाचे राहते, किल्ल्या सापडत नाहीत, हाती घेतलेली चार कामे अर्धवट पडतात, समोरच्याचे बोलणे संपण्यापूर्वीच हा उत्तर देतो. आवडीच्या कामात मात्र तासन्‌तास गढून जातो. म्हणूनच घरचे म्हणतात, “मनात आणले तर करतो, मुळात आळशी आहे.” असे वर्षानुवर्षे ऐकता ऐकता तोही तसेच मानू लागतो.

वैद्यकशास्त्राचा निर्णय वेगळा आहे. इच्छा असूनही लक्ष हवे तेथे व हवे तितका वेळ न टिकणे हा मेंदूच्या जडणघडणीशी निगडित, बहुतांशी आनुवंशिक असा विकार आहे. डॉक्टर त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात. तो केवळ चळवळ्या मुलांचा आहे, मोठेपणी आपोआप जातो, अशी समजूत दीर्घकाळ होती. वय वाढते तशी धावपळ कमी होते, पण आतली अस्वस्थता, विसराळूपणा आणि उतावळेपणा अनेकांत उरतो. मुलींत वरवरचा दंगा कमी असल्याने त्या तर पुष्कळदा नजरेतूनच सुटतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाने २०१३ मध्ये प्रौढांसाठी लक्षणांची अट सहावरून पाचवर आणली. जगभरच्या पाहण्यांवरून शंभर प्रौढांत दोन-तीनजण असे असावेत, असा अंदाज आहे.

याचा अर्थ प्रत्येक विसराळू माणूस रोगी आहे, असा मुळीच नव्हे. अपुरी झोप, थायरॉइडचे दोष, नैराश्य, चिंता आणि हातातला मोबाइल हीदेखील लक्ष उडविणारी कारणे आहेत. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आहेत काय, ती घरी व कामावर अशा दोन्ही ठिकाणी दिसतात काय आणि त्यांमुळे संसाराची वा नोकरीची खरोखर हानी होते काय, हे तज्ज्ञानेच तपासावयाचे असते. त्यासाठी जुनी प्रगतिपुस्तके आणि आईवडिलांच्या आठवणी फार उपयोगी पडतात. निदान झाल्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे, दिनक्रमाला शिस्त लावण्याच्या पद्धती आहेत. विकार समूळ जात नसला, तरी जगणे पुष्कळ सुकर होते.

अडचण आहे ती दारापर्यंत पोहोचण्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. परंतु हक्क बजावण्यासाठी पाऊल आधी उचलावे लागते आणि तेच लोकलज्जेपायी उचलले जात नाही. आमच्या मते धारवाडच्या संस्थेने आणि आपल्याकडे बांबोळीच्या संस्थेनेही प्रौढांच्या तपासणीचा ठराविक वार ठरवून तो कन्नड, मराठी व कोकणीतून गावोगाव कळवावा. या विकारावरील एक प्रमुख औषध नियंत्रित यादीत असल्याने लहान गावांत ते सहज मिळत नाही; सरकारी औषधालयांतून त्याचा नियमित पुरवठा व्हावयास हवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही घरोघर माहीत व्हावा.

उरलेले काम सरकारचे नव्हे, आपले आहे. चष्मा लावणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. ज्याचे लक्ष ठरत नाही त्याला बोल लावण्यापूर्वी एकवार विचारपूस करावी आणि गरज पडल्यास त्याच्यासोबत धारवाडची वाट चालावी. थट्टेतले ते वाक्य आपुलकीने उच्चारले गेले, तर पुष्कळांचे उर्वरित आयुष्य स्वतःला दोष देण्यात जाणार नाही.