फावडे धरणाऱ्याला खापर ओळखता यावे

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला फळ्यावर भारताचा नकाशा निघतो. मगध, उज्जैन, पैठण, कनौज अशा ठिकाणी खडूचे ठिपके पडतात. आमच्या डहाणू-तलासरीच्या जागी मात्र नुसती किनाऱ्याची रेघ असते. मी वाढवणचा. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला पहिलाच. त्यामुळे असेल कदाचित, पण त्या रेघेकडे पाहताना मनात एक प्रश्न येतो. इतिहास फक्त राजधान्यांतच घडला आणि बाकीच्या प्रदेशांनी तो नुसता उसना घेतला, हे खरे आहे काय?

ही समजूत जगात जिथे फार घट्ट होती, त्या चीनमध्येच ती कशी ढासळली, हे प्रथम थोडक्यात सांगतो. चिनी संस्कृती पीत नदीच्या मधल्या खोऱ्यात जन्मली आणि तेथून चहूकडे पसरली, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९२८ पासून आन्यांग येथे उत्खनन झाले, शांग राजांची राजधानी सापडली, आणि ही समजूत अधिकच पक्की झाली. भोवतालचे लोक म्हणजे रानटी, असे जुने ग्रंथही सांगतच होते.

पण जमिनीतून निघालेल्या वस्तू ग्रंथांना विचारून निघत नाहीत. १९७३ मध्ये यांगत्से नदीच्या मुखाकडे, हेमुडू येथे पाणी उपसण्याच्या केंद्रासाठी खोदकाम चालू असताना सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची वस्ती लागली. तेथे खांबांवर उभारलेली लाकडी घरे होती आणि भाताचे अवशेष होते. पुढे १९८६ मध्ये सिचुआन प्रांतात सान्शिंगद्वी येथे वीटभट्टीचे कामगार माती काढत असताना एक खड्डा उघडा पडला आणि लवकरच दुसराही सापडला. त्यांतून बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कांशाच्या मुखाकृती निघाल्या, पायथ्यासह सुमारे २.६ मीटर उंचीचा कांशाचा पुरुष निघाला, हस्तिदंत निघाले, आणि समुद्रापासून इतक्या दूर हजारो समुद्री कवड्याही निघाल्या. हे सारे साधारण शांग राजांच्याच काळातले, तीन हजार वर्षांहून जुने. परंतु त्या मूर्तींची घडण आन्यांगसारखी नव्हे. ती त्यांची स्वतःची होती.

सू बिंगची या चिनी पुरातत्त्वज्ञाने १९८१ मध्ये असा विचार मांडला की, चीनच्या आदिकाळाकडे एकाच केंद्रातून न पाहता सहा मोठ्या प्रादेशिक संस्कृतींच्या परस्परसंबंधातून पाहावे. या म्हणण्याचा अर्थ प्रत्येक गाव राजधानी होते असा नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत असते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सान्शिंगद्वीच्या मुखाकृतीचे चित्र मी घरी वडिलांना दाखवले. ते डायचे काम करतात. सोन्याच्या दागिन्यांसाठी पोलादावर ठसे कोरण्याचा हा धंदा आमच्याकडच्या किनाऱ्यावर घरोघर चालत आला आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. चष्मा वर करून त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आधी साचा बरोबर करावा लागतो, मग धातू. हे करणारा माणूस अडाणी नव्हता रे." मला वाटते, पुस्तकांतली पाने वाचून जे कळले नसते ते त्यांना हाताच्या अनुभवाने कळले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातील एका प्रमुख संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले एक लहान गाव. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, आणि लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला गावाचे नाव मिळाले. एरवी राजघराण्यांच्या नावाने चालणाऱ्या इतिहासात एका खेड्याला असा मान मिळाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. प्रवरेकाठच्या दायमाबादला तर १९७४ मध्ये झाडाचा बुंधा खणताना एका भिल्ल बांधवाला धातूचे चार अवजड शिल्पप्रकार सापडले. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. आज ते देशाच्या प्राचीन कलेच्या पुस्तकांत छापले जातात.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हेमुडू असो, सान्शिंगद्वी असो की दायमाबाद असो, पहिली नजर पडली ती खणणाऱ्या माणसाची. विद्वान नंतर आले. त्या माणसाने वस्तू फेकून दिली असती, किंवा वितळवून विकली असती, तर विद्वानांना काय मिळाले असते?

आमच्या भागाला असा इतिहास आहे काय? आहे, पण तो विखुरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ज्या नद्यांवर त्याने फुकट तरीची सोय केली त्यांची नावे त्यात आहेत, आणि तापी, दमण यांच्याबरोबर 'दाहनुका' हेही नाव आहे. तीच आपली डहाणूची खाडी. १९५५ मध्ये वाढवणच्या शेजारच्या चिंचणीत राष्ट्रकूट आणि नंतरच्या काळातले ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजाच्या वतीने संयान म्हणजे संजाण प्रांतावर मधुमती सुगतिप नावाचा ताजिक, अर्थात अरब, अधिकारी होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला दान दिले गेले. त्याच्या कारकिर्दीत दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू झाली आणि भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्रही निघाले, असे ताम्रपट सांगतो. मुसलमान अधिकारी, हिंदू देवी, कर्नाटकी सम्राट आणि आपला किनारा! धर्माधर्मांतल्या वैराचे दाखले शोधणाऱ्यांनी हाही दाखला वाचावा.

आणि संजाण? डहाणू रोडहून गाडी गुजरातच्या दिशेने निघाली की घोलवड, बोर्डी रोड, उमरगाव आणि मग संजाण. तेथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तेव्हा इराण-इराककडच्या झिलईदार भांड्यांबरोबर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही मिळाले. म्हणजे ज्या चीनच्या प्रादेशिक संस्कृतींविषयी मी वर लिहिले, त्या देशातल्या कुंभारांचे काम हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या बंदरात उतरत होते. चीन आपल्याला वाटतो तितका लांब नव्हता.

परंतु या लेखांतून आणि ताम्रपटांतून आपल्याला कोण भेटते? दान देणारा भेटतो, दान घेणारा भेटतो. उषवदाताने नावा दिल्या, पण त्या वल्हवल्या कोणी? अन्नछत्रातला भात कोणी पिकवला? मांगेला, वारली, भंडारी, कोकणा अशा आमच्या पूर्वजांच्या नावाने कोणी ताम्रपट कोरला नाही. त्यांची चूल, त्यांचे मडके, त्यांच्या जाळ्याचे वजन, हाच त्यांचा दस्तऐवज. म्हणून आमच्यासारख्यांना पुरातत्त्वाची गरज अधिक आहे. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे म्हटले आहे. खापराच्या तुकड्याला दहा रुपये कोण देणार? तो तुकडा भरावात जातो.

भराव हा शब्द मी मुद्दाम वापरला. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार २०० कोटींचा हा प्रकल्प. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, आणि जमिनीवरून बंदराकडे येणारे महामार्ग व लोहमार्ग. मच्छीमारांचा याला अनेक वर्षांपासून विरोध आहे, तर काही तरुणांना नोकरीची आशा आहे. आमच्या घरातही यावर एकमत नाही. तो वाद इथे मिटवण्याची माझी योग्यता नाही. पण बंदर हवे म्हणणाऱ्याला आणि नको म्हणणाऱ्याला, दोघांनाही मान्य व्हावी अशी एक मागणी मी करतो. डोंगर फुटण्यापूर्वी आणि शेतातून रस्ता जाण्यापूर्वी त्या जमिनीवरून एखाद्या जाणकाराने पायी फिरून काय आहे ते नोंदवावे, आणि ती नोंद मराठीत ग्रामपंचायतीत लावावी.

कोणी म्हणेल, पोटाला भाकरी नाही आणि हे खापरे गोळा करायला निघाले. वस्तुतः या कामाला पैसा फारसा लागत नाही, डोळे लागतात. आपल्या इतिहास विभागाला माझी नम्र विनंती आहे की, द्वितीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या गावची एक वही लिहून घ्यावी. जुन्या विहिरी, तळी, वीरगळ, भंगलेल्या मूर्ती, बुजलेली बंदरे, शेतांची आणि टेकड्यांची जुनी नावे तिच्यात यावीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावी. आणि वाचनालयाच्या एका कपाटात निरनिराळ्या काळांतल्या खापरांचे नमुने मांडावेत. ते फक्त आपल्यासाठी नसावेत. जेसीबी चालवणाऱ्याला आणि पाटी उचलणाऱ्या बाईलाही एखाद्या रविवारी बोलावून दाखवावेत. सापडलेले पहिल्यांदा त्यांनाच दिसणार आहे.

माझ्या गावची वही मी या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केली आहे. चिंचणी, वरोर, बोर्डी, तलासरीच्या मित्रांनी आपापल्या गावची घ्यावी, म्हणजे पुढच्या अंकात आपल्याला फळ्यावरच्या त्या रेघेजवळ दोन-चार ठिपके तरी टाकता येतील.