आठवीनंतर मुले कोठे जातात?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई आणि घोड नदीकाठचा आसपासचा पट्टा पूर्वी ज्वारी-बाजरीचा होता. धरणाचे पाणी आले आणि शिवारात ऊस उभा राहिला. उसामागे पैसा आला, तोडणी कामगारांच्या टोळ्या आल्या आणि बिबट्याही आला. या भागातील किशोरवयीन मुले माध्यमिक शाळा का सोडतात, याचा शोध घेताना आपल्याला या उसातूनच वाट काढावी लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये जवळच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यांत पाच वर्षांची एक बालिका होती आणि तेरा वर्षांचा एक मुलगा होता. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. तेरावे वर्ष म्हणजे सातवी-आठवीचे वय. प्राथमिक शाळा बहुधा वाडी-वस्तीवर असते. माध्यमिक शाळेसाठी मात्र मोठ्या गावी जावे लागते, आणि ती वाट दुतर्फा उसाची. हिवाळ्यात सायंकाळ लवकर होते. अशा वेळी एखाद्या पित्याने मुलीला ‘चार दिवस घरीच राहा’ म्हटले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु चार दिवसांचे चाळीस होतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या पायवाटेला पास उपयोगी पडत नाही.

कोणतेही मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, असे आम्हांस वाटते. आधी गैरहजेरी वाढते, मग गणित-इंग्रजी हातचे सुटते, मग वर्गात बसण्याची लाज वाटू लागते. दाखला कागदोपत्री शाळेतच राहतो. मूल मात्र केव्हाच शेतावर, गॅरेजात किंवा ढाब्यावर गेलेले असते.

येथे कायदाही हात आखडता घेतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठराव्या वर्षापर्यंतच्या शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले; हक्क मात्र चौदाव्या वर्षापाशीच थांबला. बालकामगार कायदाही 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांवरील मुलांना केवळ धोकादायक कामांतच मनाई करतो. ज्या वयात शाळेची सक्ती संपते, त्याच वयात मजुरीची मुभा मिळते. हा योगायोग गरीब घराला फार महागात पडतो.

टोळीबरोबर आलेल्या मुलांची स्थिती याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परतते. शाळेचे निम्मे वर्ष कोपीवर जाते. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड निघाले, पण कार्ड दाखवायला मुलाला मोकळा वेळ तर हवा! मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, मुलगा मोळ्या बांधतो. कोपीवर वयात आलेल्या मुलीला एकटी ठेवण्याचे भय आईबापांना असते आणि त्यावर ते लग्नाचा उपाय काढतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण 43.7 टक्के होते. तेथे आईबाप मुलीला ‘शाळेतून काढत’ नाहीत, ते तिला ‘उजवतात’.

द्वितीय व्हॅटिकन महासभेने 1965 च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात प्रत्येक मानवाचा शिक्षणाचा हक्क अबाधित मानला आहे. आपल्या मिशनच्या बोर्डिंगांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तो हक्क ज्वारीच्या भाकरीसह गरिबांच्या मुलांपर्यंत नेला. आज आपल्यातील कित्येक सुशिक्षित घरांचा पाया त्या बोर्डिंगांत आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आता इंग्रजी शाळांच्या प्रवेशासाठी रांगा लागतात आणि बोर्डिंगविषयी कोणी फारसे बोलत नाही. हंगामापुरते, सहा महिन्यांचे वसतिगृह हीच या मुलांची खरी गरज आहे. धर्मग्रामातील संत विन्सेंट दी पॉल मंडळाच्या भेटींतही वह्या-पुस्तकांबरोबर ‘डिसेंबरात किती दिवस शाळेत गेलास?’ हा प्रश्न विचारला जावा.

ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. या अर्जाची मुदत शैक्षणिक वर्षाच्या पूर्वार्धातच असते, आणि त्या वेळी टोळ्या अजून आपल्या गावीच असतात.