परवाना आहे, सज्जता आहे का?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून जुहूच्या घरी गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. तो अपघात होता. पण भरलेले शस्त्र जवळ बाळगणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. आरोपी असलेल्या तत्कालीन आमदारांनी स्वसंरक्षणाचा दावा केला. त्याचा निवाडा न्यायालय करील.

कायदा मात्र स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात आणि त्याला मर्यादाही घालतात. धोक्याची रास्त भीती असेतोवरच हा हक्क टिकतो. बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांकडे दाद मागण्याइतका अवधी असेल तर हक्कच उरत नाही. हल्लेखोर पळत सुटल्यावर पाठीत झाडलेली गोळी हा सहसा सूड ठरतो. गोळी झाडणाऱ्याला हे सारे क्षणार्धात तोलायचे असते. सरावाशिवाय ते अशक्य आहे.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षितता प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरते उरू नये. परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणावेळी हाताळणी, साठवण आणि कायद्याची जाण यांची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. नापास होणाऱ्याचे शस्त्र जमा करून घ्यावे, मग तो कितीही वजनदार असो.